जुळी नौका, छोटे यंत्र आणि साधे शीड

‘कॅटॅमरॅन’ हा शब्द आज जगातील बहुतेक बंदरांत ऐकू येतो. मात्र ज्या किनाऱ्यावरून तो परदेशी गेला तेथे त्याचा अर्थ निराळा आहे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे झाड किंवा लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरील मच्छीमार हलक्या लाकडाचे काही ओंडके तासून, ते काथ्याच्या दोरीने एकत्र बांधून समुद्रात जात आले. तो एक तराफा. त्याला पोकळ पोट नसते, त्यामुळे लाट अंगावरून गेली तरी तो पाण्याने भरत नाही. मासेमारी आटोपून परतल्यावर दोरी सोडावयाची आणि ओंडके वाळूवर वाळत घालावयाचे, अशी त्यातील रीत. पाणी प्यालेला ओंडका जड होतो आणि जड झालेला तराफा ना लाटेवर चढतो ना वल्ह्याला दाद देतो, हे त्या लोकांना पुस्तकावाचून ठाऊक होते. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने १६९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात हा शब्द इंग्रजी वाचकांपुढे ठेवला. पुढे तोच शब्द, दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवून वरून तुळयांनी जोडलेल्या नौकेला चिकटला. अशी नौका पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन लोकांची. तमिळ मच्छीमाराची नव्हे. नावाची ही अदलाबदल आता दुरुस्त होण्यासारखी नाही. गोंधळ टाळण्यासाठी या व्याख्यानात दोन अंगांच्या नौकेला ‘जुळी नौका’ आणि तिच्या प्रत्येक अंगाला ‘होडके’ म्हटले आहे.

विषय तसा मर्यादित आहे. स्वतःच्या अंगणात किंवा एखाद्या छपराखाली, सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळच्या वेळी, सुमारे नऊ मीटर लांबीची जुळी नौका बांधू पाहणारा एक गृहस्थ कल्पावा. ती मुख्यतः यंत्राने चालावी, पण जवळ एक साधे शीडही असावे, अशी त्याची इच्छा आहे. ही इच्छा शहाणपणाची आहे काय, आणि असल्यास तिच्यामुळे नौकेचा आराखडा कसा बदलतो, एवढाच प्रश्न. प्रश्न लहान असला तरी पणाला लागणाऱ्या गोष्टी लहान नाहीत. अशा बांधणीत दोन-तीन वर्षांची फुरसत आणि घरची शिल्लक खर्ची पडते. आणि अखेर त्याच फळ्यांवर भरवसा ठेवून घरची माणसे किनाऱ्यापासून दूर जातात.

यूरोपात जुळ्या नौकेचा विचार प्रथम नेटाने केला तो सर विल्यम पेटी यांनी. अर्थशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव अधिक परिचित आहे. परंतु १६६२ मध्ये डब्लिन येथे त्यांनी दोन अंगांची शिडाची नौका बांधून ती शर्यतीत उतरविली होती. त्यांची ‘एक्स्पेरिमेंट’ ही मोठी नौका पुढे वादळात बुडाली आणि विचारही तिच्याबरोबर बराच काळ बुडाला. १८७६ मध्ये अमेरिकेतील नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी ‘अ‍ॅमॅरिलिस’ ही जुळी नौका न्यूयॉर्कच्या शर्यतीत आणली. तिने सर्वांना मागे टाकले. हरलेल्यांनी तक्रार केली आणि ती नौका स्पर्धेतून बाद ठरविण्यात आली. वेग हा दोष ठरल्याची अशी उदाहरणे नौकानयनाच्या इतिहासात फारशी नसावीत.

घरी बांधणाऱ्या सामान्य माणसासाठी मात्र खरा आरंभ १९५० नंतरचा. मँचेस्टरमध्ये १९२८ साली जन्मलेले जेम्स व्हॅरम यांच्याजवळ ना मोठे भांडवल होते ना जहाजबांधणीचा कारखाना. ब्रिटनमधील ग्रंथालये आणि संग्रहालये पालथी घालून त्यांनी पॅसिफिकमधील नौकांचा अभ्यास केला आणि साडेतेवीस फूट लांबीची ‘टांगारोआ’ ही जुळी नौका स्वतः बांधली. रूथ मेर्सेबुर्गर आणि युटा शुल्ट्झे-रोनहोफ या दोन जर्मन तरुणींसह १९५५-५६ मध्ये त्यांनी कॅनरी बेटांपासून त्रिनिदादपर्यंत अटलांटिक ओलांडला. नौका लहान होती, आत धड ताठ बसण्याइतकीही जागा नव्हती, परंतु ती पोहोचली. त्रिनिदादमध्ये त्यांनी ‘रोंगो’ ही चाळीस फुटी नौका बांधली. त्या कामी बर्नार मोआतेसिए या फ्रेंच दर्यावर्दीचे हात लागले होते. पहिल्या नौकेचा तळ सपाट होता. सपाट तळ वाऱ्यापुढे बाजूला घसरतो, पाण्याला धरून राहात नाही. म्हणून ‘रोंगो’च्या होडक्यांचा छेद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा ठेवला गेला आणि १९५९ मध्ये ती उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करून आली. पुढे व्हॅरम यांनी हौशी बांधणाऱ्यांसाठी आराखडे काढण्यास प्रारंभ केला. २०२१ साली त्यांचे निधन झाले, तोवर असे दहा हजारांहून अधिक आराखडे जगभर विकले गेले होते.

व्हॅरम यांच्या नौका शिडाच्या. यंत्र त्यांत पाहुण्यासारखे. प्रस्तुत विषयात हे नाते उलटे आहे: यंत्र घरचे, शीड पाहुणे. तरीही त्या नौकांपासून दोन गोष्टी जशाच्या तशा उचलण्याजोग्या आहेत. पहिली, होडके सडपातळ असावे. दुसरी, शिडाची सामग्री इतकी साधी असावी की ती बांधणाऱ्याला स्वतःच दुरुस्त करता यावी.

सडपातळपणाचे महत्त्व समजण्यासाठी विल्यम फ्रूड यांच्याकडे वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या इंग्रज अभियंत्याने टॉर्की येथे लांबट हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. पाण्याचा रोध दोन प्रकारचा असतो, हे त्यांनी वेगवेगळे करून दाखविले. एक घर्षणाचा, दुसरा, नौका स्वतः उठविते त्या लाटांचा. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते आणि एका मर्यादेला तिची लांबी नौकेच्या पाणरेषेइतकी होते. मग नौका आपणच खणलेल्या खळग्यात बसते आणि समोरचा चढ चढत राहाते. पाणरेषेच्या फुटांतील लांबीचे वर्गमूळ १.३४ ने गुणले की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. पाणरेषा साडेआठ मीटर, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस फूट असेल, तर उत्तर सुमारे सात नॉट. रुंद आणि जड नौकेला येथून पुढे जाण्यासाठी प्रचंड शक्ती लागते. परंतु होडके आपल्या रुंदीच्या आठ-दहा पटींहून अधिक लांब आणि शिवाय हलके असेल, तर त्याची लाटच इतकी बारीक उठते की ही मर्यादा भिंतीसारखी न राहाता उंबरठ्यासारखी होते. जुळ्या नौकेचे सारे रहस्य येथे आहे. एकटे सडपातळ होडके कलंडले असते. दोन जोडल्यामुळे ते उभे राहाते.

आता आकडे घालून पाहावे. पाणरेषेची लांबी ८.५ मीटर, पाणरेषेवर प्रत्येक होडक्याची रुंदी ०.७ मीटर, दोहोंच्या मध्यरेषांतील अंतर ३ मीटर आणि माणसे, इंधन, पाणी धरून एकूण वजन २,२०० किलोग्रॅम. लांबी रुंदीच्या बारा पट होते, ते उत्तम. आठ नॉट वेगाला या नौकेस यंत्राकडून अंदाजे बारा अश्वशक्ती लागतील आणि तासाला साडेतीन लिटरच्या आसपास पेट्रोल जळेल. सहा नॉटला चार अश्वशक्ती पुरतात आणि पेट्रोल सव्वा लिटरच्या आत राहाते. म्हणजे दर सागरी मैलाचा खर्च निम्म्याहून खाली येतो. दोन नॉट अधिक मिळावेत म्हणून इंधन दुप्पट जाळावयाचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घाईचा प्रश्न आहे. पण आराखडा काढताना हा हिशेब डोळ्यांपुढे हवा, कारण टाकी केवढी, यंत्र केवढे आणि शीड उपयोगाचे की शोभेचे, हे सारे त्यावर ठरते.

या आकड्यांपैकी सर्वांत नाजूक आकडा वजनाचा. अशा नौकेची दोन्ही पाणछेदांची मिळून क्षेत्रफळे साडेआठ चौरस मीटरच्या घरात येतात. म्हणजे साधारण नव्वद किलो वजन चढले की ती एक सेंटिमीटर खाली बसते. रुंद नौकेला जे ओझे जाणवणारही नाही ते जुळ्या नौकेला जाणवते. आणि घरी बांधणारा माणूस वजन चढवितो तो आळसाने नव्हे, काळजीपोटी. ‘जरा मजबूत असू द्यावे’ हे त्याचे लाडके वाक्य. नऊ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा तक्ता सुमारे अठरा किलोंचा; बारा मिलिमीटरचा चोवीस किलोंचा. साठ तक्त्यांच्या नौकेत ही ‘जरा मजबुती’ ३६० किलो होते आणि नौका चार सेंटिमीटर बसते. मग तिला ओढण्यासाठी मोठे यंत्र येते. पन्नास अश्वशक्तीची दोन यंत्रे लावली तर ती छोट्या जोडीपेक्षा शंभर किलोंहून अधिक जड, आणि त्यांची भूक भागविण्यासाठी दोनशे लिटर पेट्रोल म्हणजे आणखी दीडशे किलो. त्यानंतर शीतकपाट येते, गोड्या पाण्याची दुसरी टाकी येते. एकेक वस्तू निर्दोष असते. नौका मात्र हळूहळू आपल्या आराखड्यातून बाहेर पडते.

दोन होडक्यांना जोडणारा फलाट पाण्यापासून किती उंच असावा, हा प्रश्नही याच हिशेबात गुंतलेला आहे. या मापाच्या नौकेत निदान साठ सेंटिमीटर अंतर हवे. नौका जितकी बसते तितके हे अंतर घटते, आणि समोरून येणारी लाट फलाटाच्या तळावर खालून ठोसे मारू लागते. हा आवाज ज्याने रात्री ऐकला असेल त्याला अधिक सांगणे नको. फलाटावर उभे राहाता येईल एवढ्या उंचीचे घर बांधण्याचा मोह तर सर्वांत मोठा. घरासकट समोरून दिसणारे क्षेत्र सात चौरस मीटर भरले, वारा समोरून वीस नॉटचा असला आणि नौका सहा नॉटने त्यात शिरत असली, तर एकट्या वाऱ्याचाच रोध साठ किलोंच्या जवळ जातो. त्याच वेगाला पाण्याचा रोध पंचेचाळीस किलोंच्या आत आहे! म्हणजे यंत्र नौकेपेक्षा तिच्यावरील खोलीच अधिक ओढीत असते. घर बसके ठेवून, उभे राहण्याची सोय होडक्यांच्या पोटात करून, हे क्षेत्र चार मीटरांवर आणता आले तर वाऱ्याचा रोध जवळजवळ निम्मा होतो. गृहिणीच्या दृष्टीने स्वयंपाकाची जागा होडक्यात जाणे गैरसोयीचे, हे खरे. पण उलट्या वाऱ्यात इंधन संपणे त्याहून गैरसोयीचे.

बांधणीच्या कृतीत फार शिरण्याचे येथे कारण नाही, कारण ती आता सर्वत्र परिचित आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली निघालेल्या ‘मिरर’ या छोट्या शिडाच्या होडीने ती घरोघर नेली. प्लायवूडचे तुकडे कापावयाचे, कडेला भोके पाडून तांब्याच्या तारेने कापडासारखे टाचावयाचे, सांध्यात राळ भरून वरून काचतंतूंची पट्टी बसवावयाची. जहाजबांधणीचे शिक्षण नसलेल्या माणसांनी अशा हजारो होड्या बांधल्या. १९६९ नंतर अमेरिकेतील गूजन बंधूंनी इपॉक्सी राळेने लाकूड सर्व बाजूंनी बंद करण्याची पद्धत रूढ केली आणि प्लायवूडचा जुना शत्रू, म्हणजे आत झिरपणारे पाणी, पुष्कळ अंशी आवरला गेला. भारतातील बांधणाऱ्याने तक्ता घेताना त्यावर आय. एस. ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे काय, ते पाहावे. तेवढ्यावरही न थांबता एक तुकडा कापून घरी बराच वेळ पाण्यात उकळावा. थर सुटले तर तो तक्ता कपाटासाठी ठेवावा. येथे काटकसर करणे म्हणजे पुढील सगळे श्रम तारण ठेवणे.

यंत्राची निवड करताना बहुतेकांची नजर अश्वशक्तीच्या आकड्यावर असते. ती पंख्यावर असावी. वेगाने पळणाऱ्या छोट्या होडीसाठी बनविलेल्या यंत्राचा पंखा लहान आणि जलद फिरणारा असतो. दोन टनांची नौका सहा-सात नॉटने ढकलावयाची असेल तर मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा हवा आणि त्यासाठी फेरे तिपटीच्या आसपास कमी करणारी दंतचक्रे असलेले यंत्र निवडावे. नऊ-दहा अश्वशक्तीची अशी दोन यंत्रे, प्रत्येक होडक्याच्या मागे एक, ही रचना सर्वांत समाधानकारक ठरते. ती एकमेकांपासून तीन मीटर दूर असल्यामुळे एक पुढे व एक मागे चालवून नौका जागच्या जागी वळविता येते. धक्क्याला लावताना याचे मोल कळते. एकच यंत्र फलाटाच्या मध्यावर टांगले तर पैसे वाचतात, पण दोन्ही होडक्यांमधून धावणाऱ्या लाटेच्या खळग्यात पंखा वारंवार उघडा पडतो आणि हवेत किंचाळतो. होडक्याचे मागचे टोक कसे असावे, यावर न्यूझीलंडचे माल्कम टेनंट (मृत्यू २००८) यांनी पुष्कळ काम केले. यंत्राच्या जुळ्या नौकांत पाण्याखालील मागचा भाग निमुळता ठेवून, त्याच वेळी वेगात शेपूट खाली बसू नये म्हणून तेथे पुरेसा आधार देणारा आकार त्यांनी रूढ केला. मध्यम वेगाच्या नौकेला तो विशेष मानवतो.

एवढे झाल्यावर शिडाचा विचार. जड नौकेवर छोटे शीड म्हणजे हत्तीवर पंखा. त्याचा उपयोग सावलीपुरता. पण येथे नौका हलकी आणि सडपातळ आहे, म्हणून हिशेब बदलतो. पंधरा चौरस मीटरचे शीड घ्यावे. पंधरा नॉटचा वारा बाजूने येत असेल तर अशा शिडातून पुढच्या दिशेला चाळीस किलोंच्या आसपास ओढ मिळू शकते. सहा नॉटला पाण्याचा रोध जवळजवळ तेवढाच आहे. याचा अर्थ असा की, चांगल्या बाजूवाऱ्यात यंत्र बंद करूनही नौका पाच-साडेपाच नॉटने चालत राहील. वारा दहा नॉटवर उतरला तर ओढ निम्म्याहून खाली, अठरा किलोंवर येते, कारण ती वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. मग उरलेला भार एक यंत्र अर्ध्या शक्तीने उचलते. शीड आणि यंत्र एकत्र चालविण्याला काही जातिवंत शिडवाले कमीपणा मानतात. त्यांचा अभिमान त्यांच्यापाशी असो. समुद्रावर बराच काळ वारा एकट्याने पुरेसा नसतो आणि अगदी नसतो असेही नाही. त्या मधल्या वेळेसाठीच ही भागीदारी आहे.

शीड याहून मोठे का करू नये? कारण जुळी नौका कलते तेव्हा पूर्वसूचना देत नाही. रुंद तळाची एकेरी नौका वाऱ्याने वाकते, वाकल्यावर शिडातून वारा निसटतो आणि खाली जडवलेले शिसे तिला पुन्हा उभी करते. जुळी नौका जवळजवळ सपाट राहाते, आणि एकदा वाऱ्याकडचे होडके पाण्यातून सुटले की तिचा प्रतिकार वाढत नाही, घटतो. आपल्या नौकेचा प्रतिकार म्हणजे २,२०० किलो गुणिले दीड मीटर. पंधरा चौरस मीटरच्या शिडाचे बल पाण्यापासून चार मीटरांवर धरले, तर शांत पाण्यात ते होडके उचलण्यास पन्नास नॉटहून अधिक वारा लागेल. हेच शीड हौसेने पंचेचाळीस चौरस मीटरचे केले आणि डोलकाठी उंचावल्यामुळे बलाचा मध्य सहा मीटरांवर गेला, तर पंचवीस नॉटलाच ती वेळ येते. लाटेचा धक्का आणि वाऱ्याचा अवचित झोत हिशेबात धरला तर त्याहूनही आधी. यंत्राची म्हणून बांधलेली नौका, जिच्यावर शिडाकडे सतत डोळे लावून बसणारा खलाशी नाही, तिच्यात पहिला आकडाच हवा.

साधी रचना ती कोणती, याविषयी मतभेद होऊ शकतात. उंच डोलकाठी, पोलादी दोरांचे जाळे आणि दोन-तीन शिडे ही शर्यतीच्या नौकेची सामग्री येथे अनाठायी आहे. घरी बांधणाऱ्यास सोयीचे चौकोनी शीड. त्याची वरची कड एका तिरक्या काठीला बांधलेली. ही काठीच शिडाचे टोक वर नेते, म्हणून डोलकाठी साडेसहा मीटरांची पुरते. ती लाकडाची पोकळ करता येते आणि बुडाशी बिजागरीवर बसविली तर दोन माणसे ती आडवी पाडू शकतात. खाडीवरील पुलाखालून जाताना किंवा उलट्या वाऱ्यात यंत्रावर लांब पल्ला मारताना ती आडवीच बरी. तिला आधार दोन बाजूंच्या आणि एका पुढच्या दोराचा. खालची काठी मुळीच नको. एकेरी नौकेत ती लागते, कारण शिडाचा कोपरा बाहेर ओढून धरण्यास नौकेची रुंदी अपुरी पडते. जुळ्या नौकेचा फलाट इतका प्रशस्त असतो की दोर सरळ मागच्या तुळईच्या कोपऱ्याला नेता येतो. डोक्यावर काठी आदळून होणाऱ्या दुखापती त्यामुळे सरसकट टळतात. आणि शीड उतरवावयाचे ते एकच दोर सोडून. तो दोर सुकाणू धरणाऱ्याच्या हाताशी हवा.

डोलकाठीचे बूड कोठे टेकते, हे मात्र विसरता कामा नये. ती दोन्ही होडक्यांच्या मध्ये, फलाटावर उभी राहाते. म्हणजे जेथे खाली पाणी आहे, आधार नाही. बाजूचे दोर तिला खाली दाबतात. हा सारा दाब पुढच्या तुळईने होडक्यांपर्यंत नेला पाहिजे, म्हणून ती तुळई नंतर आठवण झाल्यावर बसविण्याची वस्तू नव्हे. शीड पुढेमागे लावू असे म्हणणाऱ्यानेही ती आरंभीच पुरेशी खोल करावी. तसेच होडक्यांच्या तळाला लांब, उथळ कणा आरंभीच जोडावा. यंत्राच्या नौकेला गोल तळ चालतो, शिडाच्या नौकेला तो बाजूला नेतो. कणा असला की ओहोटीत नौका वाळूवर सरळ बसविताही येते आणि पंखे वाचतात.

प्रत्यक्ष चालविताना नवशिक्या माणसाला एक गोष्ट चकविते. यंत्राने वेग वाढविला की वारा समोर सरकल्यासारखा वाटतो, कारण नौकेवर जाणवणारा भासमान वारा हा खरा वारा आणि नौकेचा स्वतःचा वेग यांच्या बेरजेतून येतो. अगदी वाऱ्याच्या तोंडी यंत्रावर जाताना शीड फक्त फडफडते आणि फाटते; ते खाली असावे. तीस-पस्तीस अंश बाजूला वळले तर शीड भरते, पण वाट पाचव्या हिश्शाने लांबते. ती लांबविणे परवडते केव्हा? समोरच्या लाटेत नौका आदळू लागून वेग निम्मा होतो तेव्हा. तिरपे गेल्याने आदळणे थांबते, आणि दोनऐवजी एकच यंत्र चालवून काम भागते. त्या वेळी वाऱ्याविरुद्धच्या बाजूचे, म्हणजे वारा जिकडे निघून जातो तिकडचे यंत्र चालवावे. त्याचा रेटा नाळ वाऱ्याकडे वळवितो आणि नौकेचे बाजूला ढळणे काहीसे भरून निघते. मागून वारा असताना उलट सावधगिरी हवी. वारा नौकेच्या वेगाने कमी भासतो, ऊन सुखाचे लागते, आणि मागे फिरावयाचे ठरविताच कळते की शीड केव्हाच आवळावयास हवे होते. सकाळचे शीड दुपारच्या अंदाजाने चढवावे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ही भागीदारी निसर्गानेच मांडून ठेवली आहे. पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत पहाटे जमिनीवरून मतलई वारे सुटतात, दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, आणि मधल्या घटका निर्वात जातात. किनारा उत्तर-दक्षिण असल्यामुळे किनाऱ्याने जाणाऱ्या नौकेला यांतील पुष्कळसा वारा बाजूने मिळतो, आणि छोट्या साध्या शिडाला हवा असतो तो हाच. कोकणातील मच्छीमार आपल्या अरुंद होडीला उलांडी बांधतो, तिच्यात एका अंगाला दुसऱ्याने सावरण्याचे तेच तत्त्व आहे. केरळ आणि दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर १९८० नंतर बाहेरून लावावयाची यंत्रे झपाट्याने आली, प्लायवूडच्या होड्याही बांधल्या जाऊ लागल्या. त्यांनी मच्छीमारांचे श्रम खरोखरच वाचविले. परंतु यंत्र आले तसे शीड घरी राहू लागले. यंत्र बंद पडले आणि शीड नाही, अशा होडीतील माणसाला वारा नेईल तिकडे जावे लागते. हौशी गृहस्थाची नौका आणि पोटासाठी समुद्रात जाणाऱ्याची होडी यांत अंतर पुष्कळ आहे. किनाऱ्यापासून वीस मैलांवर यंत्र थांबले की ते उरत नाही. पंधरा चौरस मीटर कापड, एक काठी, चार दोर: या सगळ्याचे वजन दोन माणसांहून अधिक होत नाही.

नौका पाण्यात सोडण्याच्या दिवशी हार-नारळाबरोबर एक काम अवश्य करावे. रिकाम्या नौकेची पाणरेषा चारही टोकांना पेन्सिलीने आखून घ्यावी आणि ती आराखड्यातील रेषेशी ताडून पाहावी. फरक सेंटिमीटरांत मोजावा आणि प्रत्येक सेंटिमीटरला नव्वद किलो धरावेत. बांधताना कोठे किती चढले ते त्या दिवशी कळते. त्यानंतर शांत समुद्रात, एका मापलेल्या मैलावर, प्रत्येक वेगाला जाऊन-येऊन दोन फेऱ्या कराव्यात, म्हणजे प्रवाहाचा परिणाम निघून जातो. चार, पाच, सहा, सात आणि आठ नॉटला किती पेट्रोल लागते त्याचा तक्ता लिहून सुकाणूजवळ चिकटवावा. मग वाऱ्याच्या दिवशी यंत्रे बंद करून केवळ शिडावर नौका किती अंश वाऱ्याकडे चढते आणि किती बाजूला घसरते, ते होकायंत्राने तपासावे. साधे शीड लावलेली यंत्राची नौका साठ-पासष्ट अंशांपलीकडे सहसा चढत नाही. तो आकडाही त्याच तक्त्याखाली लिहावा, आणि कोणत्या वाऱ्यात कोणते बंदर यंत्रावाचून गाठता येईल, हे नकाशावर त्यावरून आखून ठेवावे.